खैबर ते खुकरी : पाच रात्रींचं अंतर



पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘खुकरी’ एवढंच छापलं आहे. त्यामुळे १९७१च्या युद्धात बुडालेल्या या आपल्या युद्धनौकेच्या कप्तानापासून, कॅप्टन मुल्लांपासून, मी सुरुवात करणार, असं तुम्ही धरून चालला असाल. त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी एका पाकिस्तानी जहाजाबद्दल बोलू द्या. खुकरी बुडण्याच्या पाच रात्री आधी ते बुडालं. त्याची गोष्ट बाजूला ठेवली की खुकरीचीही निम्मीच कळते, असं माझं मत आहे.

त्या जहाजाचं नाव ‘खैबर’. ही विनाशिका होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनी बांधलेली, ब्रिटिश नौदलात ‘कॅडिझ’ या नावाने वावरलेली आणि १९५०च्या दशकाच्या मध्यावर पाकिस्तानने घेतलेली. साडेचार इंची तोफा, पस्तीस नॉटच्या आसपास वेग. १९४५ साली कुठल्याही आरमाराला हेवा वाटावा असं जहाज. ७ सप्टेंबर १९६५च्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या, त्यात हे होतं. नुकसान फारसं झालं नाही. अब्रू मात्र गेली. त्या युद्धात आपल्या नौदलाला पोरबंदरच्या उत्तरेला जाऊन आगळीक करू नका, असा दिल्लीचा हुकूम होता. नौदलप्रमुख तेव्हा आपले व्हाइस ॲडमिरल भास्करराव सोमण. हात बांधलेल्या माणसाला गावाने भेकड म्हणावं, तशी गत झाली. पुढची सहा वर्षं नौदल ही गोष्ट विसरलं नाही, आणि १९७१मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांनी कराचीवर जायचं ठरवलं त्यामागे द्वारकेची सल होती.

कराचीवर गेल्या त्या बोटी बघा. रशियन बनावटीच्या ‘ओसा’ वर्गाच्या क्षेपणास्त्र नौका, दोन-सव्वादोनशे टनांच्या. एवढ्याशा जिवावर चार चार क्षेपणास्त्रं. १९७१च्या सुरुवातीला त्या रशियातून मालवाहू जहाजांवर लादून आल्या तेव्हा त्या उतरवून घेण्याएवढी ताकदवान क्रेन मुंबई बंदरात नव्हती. त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि हिंदुस्थानला अर्धा वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या. या ओढण्यातूनच पुढची कल्पना निघाली असं सांगतात. बंदररक्षणासाठी घेतलेल्या, पल्ला तोकडा असलेल्या या बोटी ओढत नेल्या तर कराचीपर्यंत का जाणार नाहीत?

४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ कराचीच्या दक्षिणेला पोहोचल्या. सोबतीला ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ होत्या. कमांडर बब्रुभान यादव त्यांचे प्रमुख. खैबर गस्तीवर होती. पावणेअकराच्या सुमारास तिच्या टेहळ्यांना आकाशात एक झगझगीत उजेड आपल्याकडे येताना दिसला. आधी वाटलं, कोणी प्रकाशगोळा सोडला असेल. मग वाटलं, विमान. विमानविरोधी तोफा सुरू झाल्या. तेवढ्यात निर्घातचं पहिलं क्षेपणास्त्र येऊन आदळलं, बॉयलर गेला, दिवे गेले. खैबरने कराचीला बिनतारी संदेश पाठवला तो असा, की शत्रूच्या विमानांनी हल्ला केला आहे. काही मिनिटांत दुसरं क्षेपणास्त्र आलं आणि खैबर बुडाली. गडबडीत पाठवलेल्या त्या संदेशातला ठावठिकाणाही चुकला होता. शोधायला निघालेल्यांना वाचलेले लोक सापडायला त्यामुळे फार वेळ लागला. २२२ माणसं गेली.

आपल्याला कोणी मारलं हे खैबरच्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. दर ४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो, आणि तो करावाच. पण खुकरीकडे जाताना ही गोष्ट हाताशी ठेवा. खैबरच्या खलाशांत काही कमी नव्हतं. त्यांच्या जहाजाला दिसत नव्हतं. ते जहाज आधीच्या युद्धासाठी बांधलेलं होतं आणि नव्या युद्धाचं हत्यार ओळखणारा डोळा त्याच्याकडे नव्हता.

आता खुकरी.

‘खुकरी’, ‘किरपाण’, ‘कुठार’ या तिघी बहिणी. इंग्लंडमधल्या वाइट बेटावर कौज इथे जे. सॅम्युएल व्हाइट यांची गोदी होती, तिथे खुकरी बांधली गेली. नोव्हेंबर १९५६मध्ये ती पाण्यात उतरली आणि जुलै १९५८मध्ये नौदलात दाखल झाली. विनाशिकेपेक्षा लहान, फ्रिगेट म्हणतात त्या जातीची. साधारण ९५ मीटर लांब, जेमतेम बाराशे टनांची, एकाच पंख्यावर चालणारी. तोफा म्हणाल तर ४० मिलिमीटरच्या तीन. तिचं खरं काम एकच होतं, पाणबुडी शोधणं आणि मारणं. ब्रिटनने हा नमुना काढला तो रशियन पाणबुड्या डोळ्यांपुढे ठेवून, उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी, आणि स्वस्तात पुष्कळ नौका बांधता याव्यात म्हणून. या दोन्ही गोष्टी लक्षात असू द्या, थंड पाणी आणि स्वस्त.

समोरची पाणबुडी होती ‘हंगोर’. फ्रान्सच्या डॅफ्ने वर्गातली, डिसेंबर १९६९मध्ये पाकिस्तानी नौदलात आलेली, म्हणजे युद्धाच्या वेळी पुरती दोन वर्षांची. तिचे कप्तान कमांडर अहमद तस्नीम. २२ नोव्हेंबरला ती कराचीहून निघाली आणि मुंबईच्या पाण्यात येऊन बसली. युद्ध पुकारलं जाण्याच्या आदल्या रात्री आपला पश्चिमी ताफा तिच्या जवळून गेला. तस्नीम यांच्याकडे तेव्हा हल्ल्याचा हुकूम नव्हता, म्हणून त्यांनी टॉर्पेडो सोडले नाहीत. पुढे तिची वातानुकूलन यंत्रणा बिघडली. आतली यंत्रं आणि माणसं तापायला लागली, तेव्हा ती पाण्यावर आली आणि मच्छीमार बोटींच्या घोळक्यात मच्छीमारासारखीच राहून तिने दुरुस्ती केली. शत्रूच्या कप्तानाचं कौतुक करायला आपल्याला जड जातं, पण हे धारिष्ट्य मानावंच लागेल.

या पट्ट्यात एक पाणबुडी आहे, हे मुंबईतल्या पश्चिमी नौदल मुख्यालयाला तिच्या बिनतारी संदेशांवरून कळलं होतं. व्हाइस ॲडमिरल कोहली तेव्हा पश्चिमेचे प्रमुख. त्यांच्यापुढे प्रश्न होता, पाठवायचं कोणाला? विमानवाहू विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला, वेग कमी, म्हणून ती बंगालच्या उपसागरात. सी किंग हेलिकॉप्टर्स त्याच वर्षी आलेली आणि किनाऱ्यावरूनच उडणारी. कुठारच्या बॉयलर-रूममध्ये युद्धाच्या तोंडावरच स्फोट झाला होता आणि किरपाणने तिला ओढत मुंबईला आणलं होतं. उरल्या दोघी, खुकरी आणि किरपाण. १४व्या फ्रिगेट स्क्वाड्रनचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला खुकरीवर होते. ८ डिसेंबरला त्या दोघी निघाल्या.

इथे थोडं थांबून मला पाण्यातल्या आवाजाबद्दल सांगायचं आहे. युद्धाच्या व्याख्यानात भौतिकशास्त्र कुठून आलं, असं म्हणू नका. त्या रात्रीचा निकाल त्यानेच लावला.

पाण्याखाली रडार चालत नाही, तिथे आवाजावर काम चालतं. जहाजाच्या तळाशी सोनार असतं. ते पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट बघतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो. गोम अशी, की कोमट पाण्यात तो जरा जास्त वेगाने धावतो आणि गार पाण्यात जरा हळू, आणि जिथे वेग कमी तिकडे त्याची वाट वळते. आपल्या समुद्रात वरचं पाणी उन्हाने तापलेलं, खालचं गार. मग जहाजाने समोर सोडलेला आवाज सरळ न जाता खाली मुरडतो आणि काही अंतरापलीकडे आवाजाची सावली पडते. त्या सावलीत पाणबुडी बसली की तुम्ही कितीही ठोके मारा, ती तुम्हाला सापडत नाही. अटलांटिकसाठी केलेलं सोनार अरबी समुद्रात आणल्यावर हे होणारच होतं. खुकरीवरच्या सोनारला पाणबुडी कळायची ती फार तर दोन-तीन किलोमीटरवर.

पाणबुडीची गोष्ट उलटी. ती गप्प असते. तुम्ही मारलेला ठोका तिच्यापर्यंत नुसता पोहोचला तरी तिला तुम्ही कळता. तुम्हाला मात्र तो जाऊन परत यायला हवा. म्हणजे तुमच्या आधी, तुमच्यापेक्षा किती तरी लांबून, तिला तुमची खबर. त्यात हंगोरवर नव्या काळची फ्रेंच यंत्रणा.

आणि समजा सापडलीच पाणबुडी, तरी खुकरीचं हत्यार काय? ‘लिम्बो’ नावाची उखळी तोफ. तिचा पल्ला हजार यार्ड, म्हणजे एक किलोमीटरसुद्धा नाही. तेवढं जवळ जायचं आणि मग मारायचं. टॉर्पेडोचा पल्ला त्याच्या कैक पट. हा सामना कागदावर मांडला तर शाळकरी पोरगंही सांगेल, आधी कोण मारणार ते.

मुल्लांना हे ठाऊक नव्हतं, असं मानणं हा त्यांचा अपमान होईल. त्यांना ते इतकं नीट ठाऊक होतं की त्यावरचा उपाय त्यांनी सोबतच नेला होता. लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचे विद्युत शाखेतले तरुण अधिकारी होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे आपल्याच ठाणे खाडीच्या काठावर, त्यांनी सोनारचा पल्ला वाढवण्यावर काम केलं होतं. परत येणारे दुबळे प्रतिध्वनी एकावर एक साठवत न्यायचे, म्हणजे गोंगाटातून खरा आवाज वर निघेल, असं त्यांच्या सुधारणेचं तत्त्व. ती जोडणी खुकरीच्या सोनारवर बसवली होती आणि जैन स्वतः जहाजावर होते. अट एकच. जहाज हळू चाललं पाहिजे, कारण वेग वाढला की स्वतःच्याच यंत्रांचा आणि पाण्याचा गलका सोनारच्या कानात शिरतो.

पाणबुडीच्या मुलखात जहाजाने वेगात आणि नागमोडी जावं, हा पाठ्यपुस्तकातला नियम. नीट ऐकायचं तर हळू जावं, ही यंत्राची गरज. मुल्लांनी ऐकणं निवडलं. खुकरी बारा नॉटच्या आसपास चालली होती. या निर्णयावर पुढे नौदलात आणि बाहेर भरपूर लिहिलं-बोललं गेलं. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्या लोकांच्या आठवणी पुस्तकात गोळा केल्या, त्यातही हा वाद आहे. निकाल लागल्यावर निर्णयाला चूक म्हणणं सोपं असतं. मला दिसतं ते असं : वेगात गेले असते तर ती पाणबुडी त्यांना बहुधा सापडलीच नसती, आणि त्यांना पाठवलं होतं ती शोधायला. स्वतःचा जीव राखायचा तर काम सोडायचं, काम करायचं तर जीव उघडा टाकायचा. ही पाळी कप्तानावर का आली, हा माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ९ डिसेंबरच्या रात्रीत नाही.

त्या रात्री दोघी दीवच्या नैर्ऋत्येला चाळीसेक सागरी मैलांवर शोध घेत होत्या. हंगोरने त्यांच्या सोनारचे ठोके फार आधी ऐकले होते आणि त्यांची ये-जा ठरावीक पट्ट्यात चालली आहे, हे ओळखलं होतं. त्यांच्या वाटेवर ती खोल जाऊन थांबली. पहिला टॉर्पेडो किरपाणवर. तो तिच्या तळाखालून गेला आणि फुटलाच नाही. नौदलाच्या इतिहासात असा नशिबाचा भाग असतो. दुसरा खुकरीवर. तो तिच्या तळाखाली फुटला. वेळ रात्री पावणेनऊच्या सुमारास.

खाली मेसमध्ये माणसं होती, इंजिन-रूममध्ये होती, बॉयलरपाशी होती. दिवे गेले. जहाज कललं. लोखंडी शिड्या आणि अरुंद झाकणं, एका वेळी एकच माणूस वर येईल एवढी. कललेल्या जहाजात शिडी शिडीसारखी राहत नाही, तिचीच भिंत होते. काळोखात, पाणी आत शिरत असताना, डेकवर पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा खुकरीने दिलाच नाही. दोनेक मिनिटांत ती गेली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी, मिळून १९४ माणसं. लेफ्टनंट जैन त्यांत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही जगातली पहिली युद्धनौका. त्यानंतर थेट १९८२ साली फॉकलंडच्या लढाईत अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’.

कॅप्टन मुल्ला ब्रिजवर होते. जहाज सोडा, असा हुकूम त्यांनी दिला, जवळ होते त्यांना समुद्रात ढकललं, स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि ते जागेवर राहिले. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते ब्रिजवर. ते तेव्हा ४५ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

कप्तानाने जहाजाबरोबर जावं, असा नियम कुठल्याच नौदलात लिहिलेला नाही, आणि अनुभवी कप्तान हा देशाचा ठेवा, त्याने वाचायला हवं होतं, असं म्हणणारेही आहेत. तर्काला ते पटतं. मला मात्र वाटतं, आपण दिलेल्या वेगाच्या हुकुमावर दोनशे माणसं खाली बसली आहेत आणि त्यांतली बहुतेक वर येऊ शकणार नाहीत, हे ज्याला त्या मिनिटात कळलं, त्याच्याकडून आपण सभागृहातल्या खुर्चीत बसून हिशेब मागू नये.

किरपाणबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण तिच्यावर उगाच ठपका येतो. बहिणीला बुडताना टाकून पळाली, असं लोक बोलतात. हंगोरने तिसरा टॉर्पेडो किरपाणवर सोडला. ती जोरात निसटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कच्छलबरोबर परत आली. त्यांनी रात्रभर पाण्यात काढलेले ६ अधिकारी आणि ६१ खलाशी वर घेतले. थांबली असती तर? त्याचं उत्तर १९१४ सालचं आहे. २२ सप्टेंबरला उत्तर समुद्रात जर्मन पाणबुडी यू-९ने ब्रिटनची ‘अबूकर’ ही क्रूझर बुडवली. बुडणाऱ्यांना उचलायला ‘होग’ थांबली, ती बुडाली. मग ‘क्रेसी’ थांबली, तीही बुडाली. एका सकाळी साडेचौदाशे माणसं गेली. तेव्हापासून जगभरच्या नौदलांनी धडा घेतला, की पाणबुडी जवळ असताना थांबायचं नाही. हा नियम निर्दय आहे. किरपाणवरच्या लोकांनी तो पाळला आणि जन्मभर त्याचं ओझं वाहिलं असणार.

पुढे चार दिवस हंगोरचा पाठलाग झाला. जहाजं, विमानं, हेलिकॉप्टर्स, सगळी त्यात गुंतली. ‘आलिझे’ जातीचं एक टेहळणी विमान पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं, त्यातले तिघे गेले. कराचीवरचा पुढचा हल्ला ठरला होता, तो रद्द करावा लागला. आणि हंगोर कराचीला पोहोचली. आज ती तिथल्या सागरी संग्रहालयात उभी आहे.

मित्रहो, आता मी आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्याकडे वळतो. समुद्रापासून वीस-पंचवीस मैल आत, लोकलच्या गर्दीत चेंगरून जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा या सगळ्याशी काय संबंध? १९७१ची आठवण असलेले इथे बरेच जण दिसतात. त्यांना ब्लॅकआउट आठवत असेल. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, भोंगा झाला की आई-वडिलांची धावपळ, आणि गल्लीत उजेडाची तिरीप दिसली की ओरडणारा स्वयंसेवक. आपलं युद्ध तेवढं होतं, असं आपण समजतो.

खरं तर आपला संबंध त्याहून जुना आहे. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, आणि शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजं इथल्याच खाडीत बांधायला घेतली. रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज जहाजबांधणी तज्ज्ञ आणि त्याच्या हाताखालची शेकडो माणसं कामावर होती. वसईच्या पोर्तुगीजांना हे रुचणं शक्य नव्हतं. त्यांनी आतून चावी फिरवली आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. महाराजांनी आरमार थांबवलं नाही, कोकणच्या खाड्यांमधून गलबतं बांधली जातच राहिली. पण परक्या कारागिरावर उभं असलेलं आरमार त्याच्या मालकाच्या एका चिठ्ठीवर अडतं, हे स्वराज्याला अगदी पहिल्याच पावलाला इथे कल्याणात कळलं होतं. आज दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीकाठी नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही वेगवान नौका आणून ठेवली आहे. पोरं तिच्यासमोर फोटो काढतात. काढू देत. जमलं तर त्यांना व्हिएगशची गोष्टही सांगा.

१९७१मध्ये आपण त्याच जागी होतो. जहाज इंग्लंडचं, सोनार इंग्लंडचं, थंड पाण्याचं. १९६२च्या चीन युद्धानंतर पैसा वाढला तो भूदल आणि हवाईदलाकडे गेला, हिमालय राखायचा म्हणून. नौदलाच्या वाट्याला उरलंसुरलं. पाकिस्तान फ्रान्सकडून नव्या पाणबुड्या घेतोय हे दिसत असताना त्यांना शोधणारे कान आपण घेतले नाहीत. मग एका लेफ्टनंटला प्रयोगशाळेत बसून जुगाड करावं लागलं, आणि त्या जुगाडाची चाचणी शत्रूच्या पाणबुडीसमोर झाली. जैन यांचं काम हुशारीचं होतं. युद्धाआधी पाच वर्षं, कोचीनच्या किंवा मुंबईच्या समुद्रात शांतपणे ते व्हायला हवं होतं. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो कॅप्टन मुल्लांवर नाही.

नौदलाने नंतर तो मान्य केल्यासारखंच वागून दाखवलं. माझगाव गोदीत आपली ‘निलगिरी’ ही युद्धनौका १९७२मध्ये तयार झाली. आपल्या पाण्याला मानवेल असं भारतीय बनावटीचं सोनार कोचीच्या प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात जहाजांवर चढवलं. दुसरी खुकरी याच माझगाव गोदीत बांधली गेली, ऑगस्ट १९८९मध्ये दाखल झाली, ३२ वर्षं राबली आणि डिसेंबर २०२१मध्ये निवृत्त होऊन दीवला संग्रहालय म्हणून गेली. पहिल्या खुकरीचं स्मारक तिथेच टेकडीवर आहे, काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती. दीवला गेलात की किल्ला आणि चर्च बघून परत फिरू नका.

आता माझगाव गोदीतली ही जहाजं बांधली कोणी? डोंबिवलीहून पहाटेची गाडी धरून, सँडहर्स्ट रोडला उतरून, हार्बरने डॉकयार्ड रोडला जाणाऱ्या माणसांनी. फिटर, वेल्डर, ड्राफ्ट्समन, स्टोअरकीपर. डबा घेऊन निघाले आणि रात्री आठला परत आले. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि डोंबिवली एमआयडीसीत छोट्या छोट्या गाळ्यांतून सुटे भाग निघायचे. त्यांतला कुठला व्हॉल्व्ह कुठल्या जहाजात बसला, हे करणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसायचं.

आणि अंबरनाथला, इथून थोड्याच स्टेशनांवर, नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. १९५३ साली मुंबईच्या गोदीत तिची सुरुवात झाली, पुढे ती अंबरनाथला आली. जहाजाच्या पोलादाला गंज कसा लागतो, रंग कुठला टिकतो, असल्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रश्नांवर तिचं काम चालतं. याच प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी इंधनघट बनवला आहे. साध्या पाणबुडीला बॅटरी भरण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते, आणि तिथेच ती सापडते. हा घट बसवला तर तिला पाण्याखाली बरेच जास्त दिवस काढता येतात. मार्च २०२१मध्ये त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी पार पडली. तो बसवायचा आहे माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुड्यांवर. पाकिस्तानकडे अशी यंत्रणा, फ्रेंच बनावटीची, २००८पासून आहे. शिवाय चीनकडून ते आठ नव्या पाणबुड्या घेत आहेत. त्या वर्गाला त्यांनी नाव दिलं आहे ‘हंगोर’.

म्हणजे हिशेब अजून चालू आहे, आणि तो अंबरनाथच्या चाचणी-टेबलावरही चालू आहे. तिथे एखादी चाचणी वर्षभर लांबली, एखाद्या गाळ्यातला सुटा भाग मापात बसला नाही, खरेदीची फाइल टेबलावर पडून राहिली, तर त्याची बातमी होत नाही. खुकरीच्या सोनारचीही कधी बातमी झाली नव्हती.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा एक विनंती करतो आणि थांबतो. खुकरीवर वाचलेल्यांच्या आठवणी निदान पुस्तकांतून आल्या आहेत. पण १९६०-७०च्या दशकात गोदीत कामाला असलेल्या, या तिन्ही बहिणींची डागडुजी केलेल्या माणसांच्या आठवणी मराठीत फारशा कोणी लिहून घेतलेल्या नाहीत. कुठारच्या बॉयलरमध्ये उतरलेला, किरपाणचा पंखा साफ केलेला, ओसा बोटी मुंबईत आल्या त्या दिवशी धक्क्यावर असलेला एखादा माणूस ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात नक्की असेल. आता तो बराच वयस्कर असणार. तुमच्या इमारतीत, नात्यात असा कोणी असेल तर व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे नाव देऊन जा. त्यांच्या घरी जाऊन ऐकायला आणि टिपून घ्यायला मी येईन. जुनं ओळखपत्र, हजेरीचा बिल्ला, एखादा फोटो, काहीही चालेल.

आता प्रश्न असतील तर घेऊ.